बोट फिरवून बघा

अण्णांमुळे गेली चार वर्षं मी सोसायटीच्या मागच्या गेटने ऑफिसला जातो. तिथे कचऱ्याचे डबे आहेत, दोन कुत्री आहेत आणि त्यातलं एक माझ्यावर खार खाऊन आहे; पण तिथे अण्णा नाहीत. पुढच्या गेटला बदामाच्या झाडापलीकडे त्यांची 1994 ची लाल मारुती 800 उभी असते, बॉनेटवर ओणवे अण्णा असतात, हातात जुन्या गंजीफ्रॉकचा बोळा असतो. आपण कितीही घाईत दिसलो तरी ते वाक्य येतंच.

"जरा बोट फिरवून बघा."

लाल म्हणजे आरसी बुकात लाल. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचं छत आणि बॉनेट बडीशेपेच्या गोळीसारखं गुलाबी झालं होतं. मी भाबडेपणाने बोट फिरवलं. बोटाला खडूसारखी भुकटी लागली.

"रंग मेलेला नाही," अण्णा म्हणाले, "वरचा थर मेलाय. रंगद्रव्याला धरून ठेवणारं रेझिन उन्हाने खाल्लं, की द्रव्य सुटं होतं. त्याची ही भुकटी. खाली सगळं जिवंत आहे."

मी बोट पँटला पुसलं. साडेनऊची मीटिंग होती. ती मला न विचारता पार पडली, आणि तिच्यात ठरलेली सगळी कामं माझ्या नावावर लागली.

बोटाने भागलं असतं तर मी समोरच्या गेटवर राहिलोही असतो. पण पुढे पिशवी आली. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून हातमोज्यासारखी चढवायची आणि धुतलेल्या पत्र्यावरून हात फिरवायचा. उघड्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं.

"लागला रवा?"

लागला. तूप रवाळ असावं, गाडी नसावी, एवढी अक्कल मला त्या सकाळी आली. हा रवा म्हणजे पत्र्यात रुतून बसलेली धूळ, झाडाचा चीक, लोखंडाचे कण. तो काढायला पोरांच्या खेळण्यातल्यासारखी क्ले साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवायची. मग कडांना मास्किंग टेप, कारण कडेला रंग सगळ्यात पातळ. मग रबिंग, मग बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स. पत्रा गार हवा, सावली हवी, एका वेळी दोन फुटांपेक्षा जास्त जागा घ्यायची नाही. या हिशेबाने गाडीची एक फेरी संपेपर्यंत पहिल्या दाराचं वॅक्स उतरायला आलेलं असतं.

आमच्या अण्णांना त्यातही प्रात्यक्षिकाची हौस. बॉनेटच्या मधोमध टेप लावून त्यांनी फक्त डावी बाजू घासली आणि गाडी आठवडाभर तशीच ठेवली. डावीकडे डाळिंब, उजवीकडे बडीशेप. अर्धनारीनटेश्वर. कुरिअरवाले, गॅसवाले, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांनी दोन्हीकडे बोट फिरवलं. गॅसवाल्याने त्यानंतर सिलिंडर मागच्या गेटने आणायला सुरुवात केली. आता आम्ही तिथे एकमेकांकडे बघून नुसती मान हलवतो.

बोळ्याला लाल रंग येतो ही अण्णांच्या मते चांगली खूण. साधा रंग असेल तर तोच रंग फडक्यावर उतरतो, म्हणजे वर क्लिअरकोटचा थर नाही आणि आशा आहे. ती आशा मग काकूंच्या वॉशिंग मशीनमध्ये जाते. त्या घरातले झाडून सगळे गंजीफ्रॉक गुलाबी आहेत. काकूंनी एकदा फक्त एवढंच विचारलं, "गाडीचा रंग गाडीवरच राहिला तर चालणार नाही का?" प्रश्न किती खोल होता ते मला फार नंतर कळलं.

माझ्या चंदेरी गाडीवर त्यांनी एकदा बोळा फिरवून पाहिला. बोळा नुसता मळला, रंग काही उतरला नाही. अण्णांनी छतावरचे पांढरे पापुद्रे पाहिले, नखाने एक उचलला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात तसं मला बाजूला घेतलं. "क्लिअरकोट सुटलाय. याला पॉलिश नाही. पुन्हा रंगच." आवाजात सहानुभूती होती, पण डोळ्यांत जुन्या लाल रंगाचा माज होता.

पुतण्याचं लग्न ठरवायला गेले, तिथे मुलीच्या वडिलांच्या गाडीवर बोट फिरवून आले. चहा व्हायच्या आत. लग्न झालं, पण व्याही अजून त्यांच्याकडे रिक्षाने येतात.

मुलाने परदेशातून पॉलिशिंगचं मशीन पाठवलं. अण्णांनी ते एकदाच चालवलं. बॉनेटच्या कडेवर क्षणभर जास्त टेकलं आणि रुपयाएवढा करडा प्रायमर उघडा पडला. त्या टकलावर ते आजही टेप लावून काम करतात. मशीन माळ्यावर आहे. मुलाला कळवलंय, उत्तम चालतंय.

त्यांचा खरा वैरी सूर्य. पहाटे गच्चीवर त्याला अर्घ्य द्यायचं आणि आठ वाजता पार्किंगमध्ये त्याच्या नावाने बोटं मोडायची. कव्हर घाला म्हटलं तर म्हणतात, खाली धूळ अडकते, वाऱ्याने कव्हर हलतं आणि पॉलिश पेपरसारखं घासतं. शेडखालच्या जागेसाठी सर्वसाधारण सभेत चिठ्ठ्या टाकल्या. जागा मला लागली. म्हणजे जिची कातडी आधीच सुटली होती त्या गाडीला. मी बदलून देतो म्हणालो. समितीने नियम दाखवला. अण्णांनी सभेच्या नव्या टेबलावर बोट फिरवलं आणि काही न बोलता खाली बसले.

गाडीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. पहिली पंधरा वर्षं 2009 ला संपली, मग 2014, 2019, 2024. पर्यावरण कर भरून, इन्स्पेक्टरसमोर गाडी चकचकीत करून नेतात. त्यालाही बोट फिरवायला लावलं असणार.

परवा मागच्या गेटजवळ ड्रेनेजचं काम निघालं. पुढून जावं लागलं. अण्णा खुर्चीवर बसले होते, बोळा मांडीवर, कोरडा.

"घासत नाही आज?"

"आता वर्षातून एकदाच रबिंग. एरवी नुसतं वॅक्स." थोडं थांबून म्हणाले, "चमक आणायची म्हणजे वरचा थर काढायचा. दर वेळी थोडा जातोच. हिशेब केलाय मी. छत अजून पाच-सहा वेळा निघेल. मग टक्कल."

"मग पूर्ण रंग मारून घ्या की."

"तो रंग पेंटरचा होईल. हा कारखान्यातून आलाय. घरी आणली त्या दिवशी पोरगा डिकीवर गाल टेकून झोपला होता."

मी पाच-सहा वर्षं मनात मोजली. 2029 चं नूतनीकरण त्यात बसत होतं, 2034 चं बसत नव्हतं.

"मला पुरेल," अण्णा म्हणाले. माझं मोजणं त्यांना दिसलं असावं. मग खिशातून दुधाची पिशवी काढून पुढे केली. "तेवढं छत बघा. मला हल्ली बोटाला नीट कळत नाही."

मी पिशवी चढवली, हात पुढपासून मागपर्यंत नेला.

"लागतो का कुठे रवा?"

लागत होता. ड्रायव्हरच्या बाजूला, कडेपासून वीतभर आत, चांगला लागत होता.

"कुठेच नाही," मी म्हणालो.