माउसची शेपटी लांब करण्याविषयी

जुन्या माउसची किंवा जॉयस्टिकची तार वाढवायची असेल तर आधी तिच्या टोकाकडे पाहावे. टोके मुख्यतः चार तऱ्हेची असतात: नऊ पिनांचे इंग्रजी डीच्या आकाराचे, पंधरा पिनांचे त्याच घराण्यातले पण अंगाने रुंद, सहा पिनांचे गोल आणि शेवटी यूएसबी. पाचवी तऱ्हा खऱ्या उंदराने कुरतडलेल्या टोकाची. तिला एक्स्टेंशन लागत नाही, पिंजरा लागतो.

तार वाढवण्याची गरज का पडते, हे शहरी वाचकाला चटकन समजणार नाही. गडबसारख्या खाडीकाठच्या मुलखात पावसाळ्यात फरशीला पाझर फुटतो. त्यामुळे सीपीयू खाली ठेवण्याची कोणाची छाती होत नाही. तो टेबलावर, टेबलावरून कपाटावर आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर काही घरांत थेट माळ्याच्या काठावर गेला. माउसची मूळ तार दीड-दोन मीटरची असते. माळ्यापासून टेबलापर्यंत ती लोंबकळत येते आणि टेबलाच्या वीतभर वरच थांबते.

या विषयातला गावातला जाणकार एकच, आणि तो म्हणजे प्रस्तुत लेखक. ही माहिती त्याने स्वतःच दिलेली असल्यामुळे तिच्याविषयी शंका घेऊ नये. मिक्सर, पंखा, टीव्हीचा रिमोट यांसाठी त्याच्याकडे येणाऱ्यांना तो अत्यंत सौजन्याने परत पाठवतो, कारण त्याचा अधिकार फक्त माउस, जॉयस्टिक आणि त्यांच्या तारा एवढ्यापुरताच आहे. गेल्या काही वर्षांत या कामासाठी कोणीही आलेले नाही. त्याचे कारण, लोक आता त्याला त्रास द्यायला संकोचतात, असे त्याचे मत आहे.

नऊ पिनांच्या टोकात सर्वांत जास्त फसगत होते. हे टोक अटारीने १९७७ मध्ये आपल्या व्हिडिओ गेमला बसवले आणि पुढे कमोडोर, अमिगा, सेगा अशा अनेकांनी उचलले. साध्या जॉयस्टिकला सहा तारा पुरतात: चार दिशांच्या चार, गोळी झाडण्याच्या बटणाची एक आणि परतीची एक. म्हणून स्वस्त एक्स्टेंशनमध्ये पिना नऊ दिसल्या तरी आत तारा सहाच असू शकतात. अशा केबलवर जॉयस्टिक सुरेख चालते. तीच केबल अमिगाच्या किंवा अटारी एसटीच्या माउसला लावली तर माउस मुका होतो. या माउसला सातव्या पिनेवरून पाच व्होल्ट लागतात आणि उजव्या बटणाची खबर नवव्या पिनेवरून जाते. गाळलेल्या तारांत नेमक्या याच दोन असतात. बाहेरून नऊ दात दाखवून आत सहाच ठेवणाऱ्या या केबलविषयी लेखकाच्या मनात जो राग आहे, तो तांत्रिक म्हणता येणार नाही.

पीसीचा सीरियल माउससुद्धा नऊ पिनांचाच, पण त्याचे शास्त्र अगदी निराळे. त्याला वीजपुरवठ्याची स्वतंत्र तार नसते. संगणकाच्या दोन इशारातारांवरून तो पोटापुरती वीज उचलतो आणि सेकंदाला बाराशे बिट या संथ गतीने आपले म्हणणे कळवतो. त्याला सरळ जोडणीची सीरियल एक्स्टेंशन लागते, म्हणजे एकला एक, दोनला दोन, एका टोकाला मेल, दुसऱ्याला फिमेल. नल मोडेम नावाची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यात दुसरी आणि तिसरी तार आडव्या गेलेल्या असतात. ती दोन संगणक एकमेकांना जोडण्यासाठी. तिच्यावर माउस बोलतो आणि संगणकही बोलतो, ऐकत मात्र कोणीच नाही. सरळ सीरियल एक्स्टेंशनमध्ये नऊही तारा असतील तर ती अटारी-अमिगाच्या वस्तूंनाही चालते. फक्त बाजूचे स्क्रू आडवे येतात, ते काढून टाकावे लागतात.

नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या सामुराई, मीडिया वगैरे टीव्ही गेमच्या पॅडांपैकी अनेकांना हेच नऊ पिनांचे टोक होते. ते अटारीच्या भोकात विनातक्रार बसते, पण चालत नाही, कारण आतल्या जोडण्या पूर्णपणे वेगळ्या. सोयरीक नुसती आडनाव पाहून करू नये, हा नियम इथेही लागू पडतो.

एक्स्टेंशन लावल्यावर पडद्यावरचा बाण अडखळू लागला की दोष केबलला देण्याची पद्धत आहे. ती बहुतेक वेळा अन्यायाची असते, कारण दोषी आत बसलेला गोळा असतो. गोळ्याच्या माउसची साफसफाई हा विषय प्रस्तुत लेखाच्या कक्षेत येत नाही, तरीही तो टाळणे लेखकाच्या स्वभावात नाही.

गोळा पोलादाचा असून त्यावर रबराचे आवरण असते. तो आत तीन रुळांना टेकतो: एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या हालचालीचा आणि तिसरा स्प्रिंगवर बसवलेला, ज्याचे काम गोळ्याला इतर दोघांवर दाबून धरणे एवढेच. पहिल्या दोन रुळांच्या मध्यावर काळपट मळाचे कडे तयार होते. हे कडे बोटाच्या नखाने एकाच सलग पट्टीत सोलून निघणे हा या शास्त्रातला परमानंद होय. पावसाळ्यात मळ चिकट असतो आणि नखात भरतो. उन्हाळ्यात तो कोरडा होतो, तुटतो आणि त्याचा तुकडा आत पडतो. तो काढायला उदबत्तीची काडी घ्यावी, माचिसची नको, तिचे टोक जाड पडते. ज्या घरी तांदळाच्या भाकरी करताना एका हाताने माउस चालवला जातो, तिथला मळ पांढरा असतो. एमएससीआयटीच्या क्लासांत चपला बाहेर काढायला लावत, तरी तिथल्या माउसांतला मळ सर्वांत समृद्ध असे, कारण त्यात साऱ्या तालुक्याचा वाटा असे. त्या क्लासांतून गोळे पळवण्याचीही प्रथा होती. पळवलेल्या गोळ्याचा पुढे काहीच उपयोग होत नसे. तो खिशात ठेवून अधूनमधून चाचपायचा असे. अशा गोळ्यांपैकी एक आजही एका प्रतिष्ठित घरातल्या खणात असून त्या घराचा पत्ता लेखकाला पाठ आहे.

विंडोजबरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ १९९० मध्ये आला. माउसने वस्तू धरून ओढण्याची सवय लोकांना लागावी, हाही त्यामागचा हेतू होता. लेखकाच्या वडिलांना ही सवय सत्तरीनंतर लागली. पुढे त्यांचे चालणे थांबले आणि कॉट खिडकीशी गेली, तेव्हा माउस कॉटपर्यंत नेण्याचा प्रश्न उभा राहिला. आईने सुचवले की कॉटच टेबलाजवळ सरकवावी. कॉट हे इनपुट डिव्हाइस नसल्याने ही सूचना विचारात घेतली गेली नाही. रीतसर केबल आणली गेली, चादरीवर पाटी ठेवून तिच्यावर माउस आला आणि लेखकाने सातव्या पिनेचे महत्त्व समजावून द्यायला सुरुवात केली. वडिलांचा हात थरथरायचा. पत्ता उचलला की अर्ध्या वाटेत बटण सुटायचे आणि पत्ता जागेवर परत जायचा. "अरे, ते व्होल्ट राहू दे," ते म्हणाले, "ही सत्ती तेवढी अठ्ठीवर ठेव." सत्ती ठेवायला पाच व्होल्ट लागत नव्हते, शेजारी बसलेला माणूस लागत होता. पुढे रोज संध्याकाळी एकाने पत्ता सांगायचा आणि दुसऱ्याने ओढायचा, असा क्रम पडला. त्या काळात केबलची लांबी पुरते की नाही, हे कोणी पाहिले नाही.

पंधरा पिनांचे टोक हे पीसीच्या जॉयस्टिकचे. आयबीएमने १९८१ मध्ये आपल्या पीसीसाठी जॉयस्टिकचे कार्ड काढले तेव्हापासून ते चालत आले. यात पिना दोन ओळींत असतात. मॉनिटरच्या टोकालाही पिना पंधराच, पण तीन ओळींत आणि अंगाने लहान. दुकानात "पंधरा पिनची द्या" म्हटले की मॉनिटरचीच केबल हातात पडते. या जॉयस्टिकच्या आत शून्य ते लाख ओहमचे फिरते रोधक असतात. लांब तारेचा एखादा ओहम त्यांच्यापुढे कुठे लागतो? म्हणून इथे लांबीची चिंता करू नये, एकदा कॅलिब्रेशन करून मोकळे व्हावे. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून १९८४ पासून शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांनाही पंधरा पिनांचे भोक होते, पण जोडणी वेगळी होती. शाळेच्या भंगारात तशी जॉयस्टिक सापडली तर ती पीसीला लावण्याच्या भानगडीत पडू नये.

सहा पिनांचे गोल टोक आयबीएमच्या १९८७ च्या पीएस-टू संगणकांबरोबर आले. माउसचे हिरवे, कीबोर्डचे जांभळे हे रंग बरेच नंतरचे. एक्स्टेंशनच्या दृष्टीने दोन्हीत काही फरक नाही, जांभळी केबल हिरव्या माउसला बिनदिक्कत लावावी. साध्या माउसला सहापैकी चारच पिना लागतात. लॅपटॉपच्या एकाच भोकातून माउस आणि कीबोर्ड दोन्ही काढायचे असतील तर मात्र सहाही तारांची केबल पाहावी. संगणक चालू असताना हे टोक काढू-घालू नये, मदरबोर्डवरचा फ्यूज जाऊ शकतो. वाकलेली पिन सरळ करायला संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफिल तिच्यावर चढवावी आणि हलकेच दाबावे. पक्कड वापरणाऱ्याने नवा माउस आणण्याची तयारी ठेवावी.

यूएसबीबद्दल थोडक्यात. नियमपुस्तकाप्रमाणे साधी यूएसबी एक्स्टेंशन मुळात मान्यच नाही. माउससारख्या संथ उपकरणाची तार तीन मीटरपर्यंत, वेगवान उपकरणाची पाचपर्यंत, असा हिशेब आहे. बाजारात ती तरीही मुबलक मिळते आणि दीड मीटरपर्यंत सहसा चालतेही.

खरेदीला गडबहून पेण जवळ पडते, पण तिथे आता यूएसबीखेरीज काही मिळेल याची खात्री नाही. पुढचा मार्ग महामार्गाचे खड्डे मोजत पनवेल आणि तिथून मुंबईचा लॅमिंग्टन रोड. दुकानदार प्रत्येक केबलविषयी "चालेल" असेच सांगतो. त्यावर न बोलता खिशातून मल्टिमीटर काढावा, आवाजाच्या खुणेवर ठेवावा आणि एकेक पिन दोन्ही टोकांना टेकवून पाहावी. नऊ पिनांना नऊ वेळा आवाज आला पाहिजे. दुकानातली इतर गिऱ्हाइके या वेळी आदराने पाहू लागतात, असे लेखकाचे निरीक्षण आहे. ती घाईत असतात, असे त्याच्याबरोबर गेलेल्यांचे म्हणणे आहे.

जाताना माउस बरोबर न्यावा आणि दुकानातच टोक टोकात बसवून पाहावे. बसले नाही तर पैसे देऊ नयेत. एकदा घेतलेला माल परत घेतला जात नाही, असे बिलावर बारीक अक्षरात छापलेले असते.