काट्याचा नायटा

परवा पुण्यातल्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मसाला डोसा काट्या-सुरीने कापायला घेतला. डोसा कुरकुरीत, सुरी बोथट. एक तुकडा उडाला तो थेट माझ्या सांबारात. त्यांनी ‘सॉरी’ म्हटलं, पण डोशाला हात लावला नाही. केवढी ही सभ्यता!

ही सभ्यता जिथून आपण उसनी आणली, तिथे काट्याचं स्वागत कसं झालं? अकराव्या शतकात व्हेनिसच्या डोजची, म्हणजे तिथल्या शासकाची, बायझंटाइन पत्नी सोन्याच्या काट्याने खायची. पीटर डेमियन हे धर्मगुरू एवढे खवळले, की तिचा दुखण्याने झालेला मृत्यू त्यांनी तिच्या चैनीची शिक्षाच ठरवला. मुलांना शिष्टाचार शिकवताना विद्वान इरॅस्मसने १५३० मध्ये बजावलं, की बोटं चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत. (म्हणजे पुसत होते तर!) इंग्लंडच्या टॉमस कोरियटने इटलीतली काट्याची रीत १६११ च्या प्रवासवर्णनात कौतुकाने सांगितली, स्वतःही उचलली, मित्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली.

आमच्या आजीच्या पंगतीत तळहाताला वरण लागलं, की खानदानाची अब्रू गेली. इरॅस्मसचं आणि तिचं छान जमलं असतं. फक्त त्याला मांडी घालून बसता यायला हवं होतं.

तर ते गृहस्थ. अर्धा डोसा तसाच टाकून उठले आणि बेसिनवर जाऊन साबणाने दोन्ही हात स्वच्छ धुऊन आले.