पूर्ण तिकीटवाला

बीडच्या बसस्थानकात गाडी अजून फलाटाला लागलेली नसते, नुसती वळत असते, तेवढ्यात चार-सहा रुमाल, एक पंचा आणि एखाद्या लेकराची टोपी खिडक्यांमधून आत गेलेली असते. आरक्षणाची ही पद्धत कुठल्याही परिपत्रकात सापडायची नाही, तरी मराठवाड्यात तिला कायद्याहून जास्त मान आहे. रुमाल पडला की जागा धरली. त्या जागेवर चुकून कुणी बसलंच, तर "रुमाल आहे तिथं" एवढे तीन शब्द पुरतात. माणूस गुमान उठतो. आत आमदारांसाठी राखीव म्हणून रंगवलेलं एक आसनही असतं. त्यावर खरोखर आमदार बसलेला पाहिलेला प्रवासी मात्र अजून भेटायचा आहे.

या धांदलीत एक गडी दर वेळी मागं पडतो. चाळिशी ओलांडलेली, खांद्याला बॅग, हातात आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी. पुण्याला कंपनीत, गॅरेजात, नाहीतर एखाद्या सोसायटीच्या फाटकावर नोकरी. महिन्यातून एकदा गाव, सणाला जादा एकदा. त्याला नाव द्यायचं कारण नाही. आष्टीपासून परळीपर्यंत दर चार घरांमागं तो एक आहेच. आपण त्याला पूर्ण तिकीटवाला म्हणू.

हे बिरुद त्याला सवलतींमुळं मिळालं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं तिकीट होतंच. १७ मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट लागू झालं. पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं तर आजोबांच्या काळापासून. आता हा गडी घरच्यांना घेऊन लग्नाला निघाला की गाडीत कंडक्टर मास्तरांपुढं जी गणिताची तोंडी परीक्षा होते, ती ऐकण्यासारखी असते.

"आजी पंच्याहत्तरच्या पुढं? कार्ड दावा. हां, शून्य. बाबा सत्तरचे, अर्धं. ह्या ताई, अर्धं. लेकरू?"

"दहा वर्षांचं."

"अर्धं. अन् तुम्ही?"

"मी पूर्ण, मास्तर."

हे 'मी पूर्ण' तो ज्या सुरात म्हणतो, त्यात अध्यात्म काही नसतं.

सवलतींवर त्याचा राग नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बायको अर्ध्या तिकिटात माहेरी जाऊन येते, त्यातही त्याचीच बचत आहे. फक्त ती आता महिन्यातून दोनदा जाते, त्यामुळं बचत कुठं गेली ते त्याला अजून सापडलेलं नाही. भाडेवाढीवरही तो फार बोलत नाही. २६ ऑक्टोबर २०२१ ला भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत संपानं गाड्याच बंद पडल्या, त्या थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. म्हणजे वाढीव भाडं द्यायला तो तयार होता, घ्यायला गाडी नव्हती. मग २५ जानेवारी २०२५ पासून आणखी १४.९५ टक्के. हा आकडा ऐकून त्याला बाटाच्या दुकानातल्या किमती आठवल्या. पंधरा म्हटलं असतं तर महाग वाटलं असतं बहुतेक. साध्या गाडीचा सहा किलोमीटरचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. बाजारातून पाच पैशांचं नाणं जाऊन किती वर्षं झाली, पण दरपत्रकात ते अजून टकाटक आहे.

डिझेल महागलं, सुटे भाग महागले, कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर व्हायला हवेत. हे त्याला कळतं. त्याच्या भावकीतलेच दोघेजण डेपोत आहेत. त्याचं दुखणं निराळं आहे आणि ते सांगायला तो लाजतो. इतक्या वर्षांत कुणी एकदा तरी म्हणायला हवं होतं, की या, तुम्ही नेहमीचे.

नेहमीचं गिऱ्हाईक ही आपल्याकडं एक पदवी आहे. भाजीवाली मेथीच्या दोन जुड्यांवर कढीपत्त्याची काडी टाकते, ती नेहमीच्याला. मोंढ्यातला किराणावाला वहीत उधारी मांडतो, दिवाळीनंतर दिनदर्शिका देतो आणि 'पोरगी कितवीला गेली' असं विचारतो, ते नेहमीच्याला. न्हावी तर नेहमीच्याच्या डोक्याला न विचारताच हात घालतो. भाव तोच असतो, कधी चार आणे जास्तही असतो, पण वर काहीतरी पडतं. हे 'वरचं' म्हणजेच गिऱ्हाइकाचा मान. प्रवासाच्या धंद्यात हे वरचं कुणी कधी काढून टाकलं, त्याचा शोध घ्यायला हवा.

पूर्ण तिकीटवाल्यानं मधे काही वर्षं खासगी ट्रॅव्हल्सचा रस्ता धरला. रात्री जेवून बसायचं, पहाटे पुण्यात खराडीला उतरायचं. सुरुवातीला एजंट भाऊ फोनवर आवाज ओळखायचा. "तुमची खिडकी ठेवलीय दादा, या निवांत." मग भाऊंच्या जागी अॅप आलं. अॅपला आवाज ओळखू येत नाही, पण गरज बरोबर ओळखू येते. मंगळवारी जी खिडकी परवडते, ती शुक्रवारी अंगावर येते आणि धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री तिच्याकडं नुसतं बघवतही नाही. गाडी तीच, सीट तीच, सीटच्या फाटक्या कव्हरातून डोकावणारा स्पंजही तोच.

वर सूट मिळते ती नवीन माणसाला. पहिल्या बुकिंगवर इतके रुपये माफ. याची दीडशेवी फेरी, त्याला काही नाही. मग गड्यानं डोकं चालवलं. पहिली सूट स्वतःच्या नंबरावर, दुसरी बायकोच्या, तिसरी आईच्या, चौथी मेव्हण्याच्या. अॅपच्या दप्तरी आज पाटोदा तालुक्यातली एक सत्तरीची म्हातारी एकटीच रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेल्याची नोंद आहे. घरातले नंबर संपले तेव्हा त्याची निष्ठाही संपली, असं म्हणता येईल. पण तसं झालं नाही, कारण दुसरी गाडी नव्हती.

राज्य सरकारनं २०१८ साली खासगी गाड्यांना मर्यादा घालून दिली आहे. त्याच प्रकारच्या एसटीला जे भाडं, त्याच्या दीडपटीच्या वर घ्यायचं नाही. बीड ते पुणे अंतर अडीचशे किलोमीटरच्या अलीकडचं. सहा किलोमीटरला १० रुपये ५ पैसे धरले तर साध्या गाडीचं तिकीट चारशेच्या आसपास येतं आणि दीडपट म्हणजे सहाशे. वातानुकूलित स्लीपरचा हिशोब अर्थातच वरचा. हा नियम दर दिवाळीला पेपरात छापून येतो. तो वाचून पूर्ण तिकीटवाला पेपरची घडी घालतो, त्यात फराळाचे लाडू बांधतो आणि मिळेल त्या भावात बसतो. तक्रार करायला उतरावं तर गाडी सुटते, ही त्या नियमातली बारीक अडचण.

हे दुखणं एकट्या बीडचं असतं तर त्याला मराठवाड्याचा अनुशेष म्हणता आलं असतं. पण ते साता समुद्रापार, नव्हे प्रत्यक्ष समुद्रावरही आहे. अमेरिकेत कार्निव्हल नावाची क्रूझ कंपनी आहे. शहराएवढ्या बोटी, त्यावर पोहण्याचे तलाव, रात्रंदिवस खाणं. तिथं नेहमीच्या गिऱ्हाइकांची मोजणी व्हायची. बोटीवर काढलेल्या एका दिवसाला एक गुण. पंचवीस गुणांना सोनं, पंच्याहत्तरला प्लॅटिनम आणि दोनशेला हिरा. हिरा झालेल्यांना बोटीवर चढताना रांगेत पुढं घ्यायचे. माणसं वर्षानुवर्षं सुट्ट्या साठवून हिरा व्हायची. आणि जून २०२५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की पुढच्या जूनपासून दिवस मोजायचे नाहीत, पैसे मोजायचे. ज्यानं जास्त खर्च केला तो मोठा. जुने हिरे खवळले. आम्ही स्वस्तातल्या खोलीत का होईना, पण आयुष्यभर तुमच्याच बोटीवर आलो, त्याचं काय, असं त्यांचं म्हणणं.

आता आपल्या गड्याचा हिशोब याच मापानं करू. महिन्यातून एक फेरी, जाताना एक रात्र, येताना एक रात्र. वर्षाला चोवीस. म्हणजे वर्ष संपून पहिली फेरी झाली की सोनं. चौथ्या वर्षाच्या आत प्लॅटिनम. नवव्या वर्षी हिरा. बीड जिल्ह्यात असे हिरे गावोगाव पडलेले आहेत. त्यांनी समुद्र पाहिला नसेल, पण पावसाळ्यातल्या खड्ड्यांतून गाडी चालते तेव्हा बोट लागते म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको. त्यांच्या रात्री कुणी मोजल्या नाहीत, एवढाच फरक. नाहीतर रांगेत पुढं घ्यायला एक रुमालही पुरला असता.

मोजल्या नाहीत हेही पूर्ण खरं नाही. मोजणारी माणसं होती, यंत्र नव्हतं.

पूर्ण तिकीटवाला शाळेत असताना बीडला खोली करून राहायचा. गावाकडून दुपारच्या एसटीनं डबा यायचा. मराठवाड्यातल्या दोन पिढ्या या डब्यावर शिकल्या. आई पहाटे भाकरी थापायची, कालवण घट्ट करायची म्हणजे सांडू नये, फडक्यात बांधून डबा फाट्यावर न्यायची आणि डायवरच्या मागं ठेवायची. डब्यावर खडूनं किंवा सुईनं टोचून नाव लिहिलेलं. स्थानकात गाडी आली की पोरं खिडकीशी जमायची आणि मास्तर नावं पुकारत डबे वाटायचे, जणू हजेरीच. एखादा पोरगा दिसला नाही तर मास्तर दुसऱ्या दिवशी विचारायचे, "काल डबा का नेला नाही? आजारी होतास का?" याचं भाडं दरपत्रकात नव्हतं. गाडीला उशीर व्हायचा, टायर पंक्चर व्हायचं, पोरं उपाशी बसायची, पण गाडी आपली आहे यात शंका नव्हती. पोरांचीही नव्हती आणि मास्तरांचीही.

आता डबा ऑनलाइन मागवतात आणि पोचवणारा पोरगा फाटकाबाहेरून फोन करून पाच तारे मागतो. पूर्ण तिकीटवाला ते देऊन टाकतो. त्याला तो पोरगा आपल्याच गावाकडचा असल्यासारखा वाटतो, आणि पुष्कळदा असतोही.

एसटीवरची ही निष्ठा तशी जुनी. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला अहमदनगरहून पुण्याला सुटली, तिकीट अडीच रुपये. बीडकराचा पुण्याचा रस्ता नगरवरूनच जातो, पण त्या दिवशी बीड अजून निजामाच्या राज्यात होतं. तिथं १९३२ पासून निजामाच्या रेल्वेखात्याच्याच बसगाड्या होत्या. एकूण संस्थानाला सुरुवातीला सत्तावीस. १९४८ च्याच १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला, पुढं राज्य बदललं, महामंडळ झालं, गाड्या लाल झाल्या. परळीला रेल्वे जुनी. बीड शहराला मात्र नव्हती. म्हणून एसटीवर प्रेम. काही निष्ठा पर्याय नसल्यामुळंही टिकतात, हे कुठल्याही जुन्या संसारात विचारून बघावं.

अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. त्या वर्षी जो तीस वर्षांचा होता, त्यानं पेढे वाटले असतील. त्यानं मनाशी हिशोबही केला असेल, की म्हातारपणी आपण रेल्वेनं फिरू, ज्येष्ठांना सूट असते. पुढं ती साठीनंतरच्या पुरुषांना चाळीस टक्के झालीही. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली. बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ ला. आपला तीस वर्षांचा गडी बरोबर साठीला टेकला होता. आणि रेल्वेनं ज्येष्ठांची सूट मार्च २०२० मध्येच बंद करून टाकली होती. इतका काटेकोर योगायोग पंचांगातही जमत नाही. तो म्हातारा फलाटावर हार घेऊन उभा राहिला, गाडी बघून त्याचे डोळे भरून आले. पण खिडकीवर गेल्यावर पहिला प्रश्न त्यानं तोच विचारला. उत्तर ऐकून तो एवढंच म्हणाला, "म्हंजे इथंबी पूर्णच."

तिकीट एसटीपुढं किरकोळ आहे, हे खरं. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणं गाडी अहिल्यानगरहून, म्हणजे जुन्या अहमदनगरहून, सकाळी ६:५५ ला सुटते आणि १२:३० ला बीडला पोचते. दुपारी एकला परत निघते, साडेसहाला अहिल्यानगरला. साडेपाच तास. तिथून पुण्याला जायला पुन्हा एसटी आहेच, आणि ती शिवाजीनगरला जाते असं सगळे म्हणतात. खरं तर ते स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. पण नेहमीचा माणूस जुनंच नाव चालवतो. त्यानं तरी कुणाशी निष्ठा ठेवायची?

पूर्ण तिकीटवाल्यानं हे वेळापत्रक कापून पाकिटात ठेवलं आहे. शनिवारी रात्री गावाकडं यायचं आणि रविवारी परत निघायचं, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. रेल्वे या नेमात बसते का, ते बघायला त्यानं कागद चष्म्याजवळ धरला. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: रविवार वगळून.