व्यवस्था असावी

वस्तू आणणारी माणसं वेगळी आणि निवडणारी वेगळी. आणणारा दुकानात जातो, पैसे टाकतो, घरी येऊन जेवतो. निवडणारा दुकानात जातो तो अगदी शेवटी, आणि तेही दुकानदाराला चार गोष्टी समजावून सांगायला. या दुसऱ्या जमातीचे ह्यूस्टनमधले सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणजे आमचे अप्पा. व्हीजेटीआयचे मेकॅनिकल. हयात रिफायनरीत गेली, आणि रिफायनरीत आयुष्यभर काय केलं, तर व्हॉल्व्ह निवडले. निवृत्त झाल्यावर हात रिकामा पडला, म्हणून त्यांनी रायफल घेतली.

आता अप्पा अंडंसुद्धा न खाणारे. टेक्सासात रायफल घेणारा माणूस बहुधा हरणाच्या मागे असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसम सुरू होतो, आणि आदल्या शुक्रवारी माझ्या ऑफिसातले निम्मे लोक एकाच वेळी आजारी पडतात. अप्पा मारतात ते कागद. "कागदाला जीव नसतो," ते म्हणतात, "आणि भोक कुठे पडलं ते मोजता येतं." मला वाटतं, यातलं दुसरं कारण खरं आहे.

रायफल निवडण्यात एक उन्हाळा गेला, स्कोप म्हणजे तिच्यावरची दुर्बीण निवडण्यात पुढचा पावसाळा; त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज विषय आहे थ्रो लिव्हरचा. झूम होणाऱ्या स्कोपला डोळ्याच्या बाजूला एक रिंग असते. ती फिरवली की अप्पांच्या स्कोपात चार पटीचं चित्र सोळा पटीपर्यंत मोठं होतं. आत दमट हवा शिरू नये म्हणून रबरी सील बसवलेलं असतं, ग्रीस असतं, त्यामुळे रिंग चांगलीच घट्ट फिरते. मग तिच्यावर कढईला असतो तसा एक छोटासा कान चढवायचा, स्क्रूने आवळायचा, की एका बोटाने काम होतं. हा कान म्हणजे थ्रो लिव्हर. चहात साखर ढवळून होईस्तोवर बसवून होणारी वस्तू.

अप्पांनी आधी गरज सिद्ध केली. इंजिनिअर माणूस, नुसतं 'घट्ट वाटतं' म्हणून गप्प बसणार नाही. भारतात जाताना बॅगा तेवीस किलोच्या आत आहेत का हे बघायचा आकड्याचा काटा त्यांनी काढला, रिंगला दोरी गुंडाळली, दोरी काट्याला अडकवली आणि ओढली. काकूंनी कागदावर आकडे लिहून घेतले. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, वीज गेली, नळ फुटले, लोक पाण्याच्या बाटल्यांसाठी रांगा लावून उभे होते. त्या अंधारात अप्पा गॅरेजमध्ये टॉर्च तोंडात धरून तोच काटा ओढत होते. असं तापमान ह्यूस्टनला परत कधी मिळणार, हा त्यांचा मुद्दा. थंडीत ग्रीस आळतं आणि रिंगला जास्त जोर लागतो, हे त्या दिवशी सप्रमाण सिद्ध झालं. जेवायला ब्रेड होता.

मग माप. लिव्हर रिंगच्या व्यासाला नेमका बसावा लागतो. पण रिंगवर पकडीसाठी उभे दाते असतात. व्हर्निअर दात्यावर धरायचा की दोन दात्यांमधल्या खाचेत? अप्पांनी दोन्हीकडे धरला, पाच ठिकाणी धरला, आणि दर वेळी आकडा दशांश मिलिमीटरने इकडेतिकडे. काळ्या रंगाच्या थराला दोष देऊन झाला, खोलीच्या तापमानाला देऊन झाला. शेवटी मला फोन. "तुझा व्हर्निअर घेऊन ये. तुझ्यावर माझा विश्वास आहे असं नाही, पण दुसरं उपकरण पाहिजे."

पुढे उंचीचा प्रश्न. कान जितका उंच तितका जोर कमी लागतो, हे सातवीच्या पुस्तकातलं. पण उंच कान गोळी भरायला उचलायच्या बोल्टच्या आड येतो. अप्पांची रायफल फिनलंडची टिक्का, तिचा बोल्ट सत्तर अंशांत उचलला जातो. पुष्कळ रायफलींना नव्वद लागतात. टिक्का घेण्याचं हेही एक कारण, असं ते आता सांगतात. तेव्हा लिव्हरचं नावही निघालेलं नव्हतं. तर बोल्टची मूठ वर येते तेव्हा बोटांची पेरं लिव्हरवर आपटता कामा नयेत. लेन्सचं झाकण उघडून मागे पडतं, त्यालाही तो अडता कामा नये. शिवाय काही कंपन्यांची रिंग चित्र मोठं करायला डावीकडे फिरते, काहींची उजवीकडे. कान चार पटीवर असताना कुठे उभा, दहावर कुठे, सोळावर कुठे, याचं एक चक्र अप्पांनी पुठ्ठ्याचं कापून केलं आणि फ्रिजवर लावलं. भाजीची यादी बाजूला सरकली.

एक्सेल तर होतीच. वजन, उंची, धातू, अॅल्युमिनिअम 6061 की 7075, स्क्रू किती, स्क्रूचं डोकं कसलं. खाली गुणांची बेरीज, शेजारी किंमत, आणि त्यापुढे गुण भागिले किंमत.

नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या टेबलावर एक म्हातारा टेक्सन येतो. त्याच्या रिंगवर प्लास्टिकचा केबल टाय आवळलेला, वायरी बांधायचा साधा पट्टा, आणि त्याचं उरलेलं शेपूट न कापता तसंच ठेवलेलं. शेपूट ओढलं की झूम. मला वाटलं, अप्पा नाक मुरडतील. अप्पांनी टोपी काढली. शेपटाची लांबी विचारली, उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं का विचारलं, परवानगी काढून फोटो घेतला आणि घरी जाऊन केबल टायला एक्सेलमध्ये स्वतंत्र ओळ दिली. तो म्हाताऱ्याला फुकट मिळालेला होता, म्हणून किंमत शून्य. गुण भागिले शून्य. एक्सेलने हात टेकले आणि चूक असल्याचा शेरा मारला. "कोष्टक उत्तर देत नाही म्हणजे तो सर्वोत्तम असं नाही," अप्पा दोन दिवस सगळ्यांना सांगत होते.

त्यांचं खरं व्याख्यान ऐकावं ते रेंज 'कोल्ड' असताना. लोक पुढे जाऊन कागद बदलतात, तेवढा वेळ कुणीही रायफलीला हात लावायचा नाही, सगळ्यांनी पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहायचं, असा कडक नियम. अप्पा नियमाचे पक्के. रेषेवर बुटाची टोकं जुळवून, हात पाठीशी बांधून, हनुवटीने दाखवत ते लिव्हर समजावतात. समोरच्या काचेचा व्यास चव्वेचाळीस मिलिमीटर. सोळा पटीला भागलं की डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत पावणेतीन मिलिमीटरचा. चार पटीला तोच अकरा. संध्याकाळी उजेड कमी झाला की झूम पटकन खाली आणता आलं पाहिजे, नाहीतर चित्र काळवंडतं. समोरचा मान हलवतो. तोवर 'हॉट'चा पुकारा होतो आणि श्रोता सुटतो.

एकदा मी वाकड्यात शिरलो. म्हटलं, अप्पा, आपल्या कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, आणि त्या स्पर्धेत रायफलीवर दुर्बिणीला परवानगीच नाही. मागे बारीक छिद्र, पुढे कडं, संपलं. तुमच्याकडे सोळा पट आहेत. अप्पा दुखावतील असं वाटलं होतं. ते विचारात पडले. "भाग्यवान," म्हणाले. "झूमच नाही. म्हणजे लिव्हर निवडायचा त्रास नाही. मग लक्ष लागणारच."

आणि इथेच ती गोम आहे, जी ओळखीच्यांपैकी कुणीच त्यांना बोलून दाखवत नाही. अप्पांच्या स्कोपच्या खुणा सेकंड फोकल प्लेनमधल्या आहेत: झूम बदललं तरी खुणांचा आकार तोच राहतो, आणि त्यांचं माप खरं असतं ते फक्त सोळा पटीला. त्यामुळे अप्पा रिंग कायम सोळावर ठेवतात. कागद कायम शंभर यार्डांवर, तोही भर दुपारी. स्कोप घेतल्यापासून रिंग फिरली असेल ती काट्याने ओढताना. हे काकूंनी विचारलंच. अप्पा म्हणाले, "फिरवायची नाही हे मान्य. पण व्यवस्था असावी."

लिव्हर आला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला, त्यामुळे काकूंनी त्याला पाटावर बसवलं: रायफलीची बंद पेटी, टॉर्क रेंच, व्हर्निअर, आणि विड्याच्या पानावर लिव्हर. कुंकू लावण्यावरून थोडं झालं. कुंकवाचा कण स्क्रूच्या आट्यात गेला तर आवळण कमी पडेल, असं अप्पांचं म्हणणं. तडजोड म्हणून कुंकू पानाला लागलं. आरती झाली, मग इंच-पाउंडांचा आकडा बघून स्क्रू आवळला. रिंग एका बोटाने फिरली, लोण्यासारखी. अप्पांनी ती चारवर नेली, सोळावर आणली. काकूंनीही फिरवून पाहिली. "छान झालंय हो," त्या मनापासून म्हणाल्या. अप्पा त्या दिवशी दोन पुरणपोळ्या जास्त जेवले आणि दुपारी मात्र जरा उदास दिसले. तक्ता संपला होता.

संध्याकाळी रायफल पेटीत ठेवायला गेले. आतला फोम रायफलीच्या आकाराचा कोरलेला, लिव्हर नसतानाच्या आकाराचा. कान फोमला अडला आणि झाकण मिटेना. मी म्हटलं, त्यात काय अप्पा, तेवढा फोम सुरीने कापून टाकू.

अप्पांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि लॅपटॉप उघडला.

"कुठल्या सुरीने?"