पुढे डोळा, मागे डोळा

पुण्यात गाडीला पुढेमागे डॅशकॅम बसवायची सध्या टूम आहे. बसवणारा पोरगा मागच्या कॅमेऱ्याची वायर छताच्या कापडाखालून, डिकीच्या रबरी नळीतून अशी बेमालूमपणे सरकवतो की मालकाची छाती फुगते: आता धडकून पळा बघू! (बंपरची लिंबू-मिरची मात्र काढत नाहीत, दुहेरी बंदोबस्त बरा.)

पुराव्याचं घोडं पुढे अडतं. कार्ड भरलं की कॅमेरा जुनं पुसून त्यावरच नवं गिरवतो. कोर्टात चित्रफीत द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवं. शिवाय आतला माइक चालूच. मग उलट्या दिशेने घुसलेल्या दुचाकीच्या नंबरप्लेटवरचं फक्त 'दादा' वाचता येतं. आपण हासडलेली शिवी मात्र खणखणीत.