प्रयोजन : फणस

मनुष्याला जी वस्तू कामासाठी हवी असते ती तो बेताच्या आकाराची मागतो आणि जी प्रतिष्ठेसाठी हवी असते ती मोठी मागतो, हा सिद्धान्त सरकारी नोकरीत असताना टेबलांच्या बाबतीत आम्ही पुरेपूर पडताळून पाहिला होता. परंतु तो कोयत्यांनाही तितक्याच काटेकोरपणे लागू पडतो हे कळण्यासाठी आम्हांला सेवानिवृत्त होऊन रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी यावे लागले आणि घरामागच्या मांगरात मोठी हत्यारे मागणीबरहुकूम घडवून देण्याचा उद्योग आरंभावा लागला. माडावर चढणारा गडी जो कोयता कमरेच्या आकडीला अडकवून दिवसभर वागवतो, त्याचे पाते फार तर वीतभर असते, आणि त्याहून मोठे त्याला फुकट दिले तरी तो घेणार नाही. उलट, ज्याने उभ्या आयुष्यात लिंबाहून कठीण असे काही कापलेले नाही तो सद्गृहस्थ मांगराच्या दारात उभा राहतो, दोन्ही हात जमतील तितके पसरतो आणि म्हणतो, "एवढा पाहिजे."

या कारखान्यात खाती दोन. भट्टी, भाता, ऐरण आणि घण हे खाते वाडीतल्या एका वृद्ध लोहाराकडे आहे. त्यांना सारा गाव नाना म्हणतो. त्यांच्या आजोबांना कुणब्यांचे विळे-फाळ शेवटून देण्याबद्दल भाताचे बलुते मिळे, नानांना रोख पैसे मिळतात, आणि दोहोंत आजोबांचे बरे चालले होते असे त्यांचे स्पष्ट मत आहे. सफाईचे खाते आमच्याकडे. दफ्तरही अर्थातच आमच्याकडेच.

दफ्तर कशाला, असे विचारणाऱ्याने कायदा वाचलेला नसतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे तलवारी-भाल्यांच्या पंक्तीला बसवली आहेत. मात्र घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे तेथून उठवून पुन्हा स्वयंपाकघरात आणि शेतावर पाठवली आहेत. सबब, अर्जदाराला हत्यार नेमके कशासाठी हवे याची रुजुवात झाल्यावाचून भट्टीत कोळसा पडू द्यायचा नाही, असा दंडक आम्ही घातला आणि त्यासाठी एक नोंदवही ठेवली: अनुक्रमांक, अर्जदाराचे नाव, पात्याची लांबी, प्रयोजन, शेरा. जुन्या खोती घराण्यातल्या एका वंशजाने प्रयोजनाच्या रकान्यात स्वहस्ते 'दबदबा' असे लिहिले. माणूस प्रामाणिक होता, पण प्रामाणिकपणासाठी नियमात सूट नाही. त्याचा अर्ज 'दुरुस्तीअंती फेर सादर करावा' असा शेरा मारून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी 'नारळ' होऊन आला. दुसऱ्या एकाने 'खंडेनवमी' असे लिहिले. ज्यांच्या घरी तलवार नाही त्यांनी विळी, कोयता, अडकित्ता मांडून शस्त्रपूजन करावे ही आमच्याकडची रीतच आहे. परंतु अठरा इंची पात्याने वर्षातून एकदा झेंडूचे फूल डोक्यावर धारण करावे आणि एरवी कपाटात निजावे, हे काम घरगुती म्हणावे की कसे, यावर आमचा नानांशी बराच खल झाला. "कपाट घरातच आहे ना?" एवढे विचारून नानांनी तो निकालात काढला.

माल म्हणजे मोटारलॉरीच्या स्प्रिंगचा पाटा, भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेला. या पोलादात कर्ब अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, जोडीला सिलिकॉन आणि मँगनीज असते. आणि घाटातल्या खड्ड्यांवर अनेक वर्षे वाकून पुन्हा सरळ होण्याचा त्याला सराव असल्यामुळे लवचिकपणाची हमी आम्हांला वेगळी द्यावी लागत नाही. पण ग्राहकाला लॉरीचे नाव सांगण्याची सोय नाही. त्याला दमास्कस पाहिजे असते, पात्यावर लहरी पाहिजे असतात. आता, ज्या लहरदार पात्यांनी दमास्कसचे नाव गाजवले त्यांचे पोलाद दक्षिण हिंदुस्थानात आणि दख्खनेत मुशींत मुरवून पश्चिम आशियात जात असे, आणि विजेच्या शोधांनी पुढे विख्यात झालेला मायकेल फॅरडे, जो स्वतः एका लोहाराचा मुलगा होता, त्यानेही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी याच हिंदी पोलादाचे पृथक्करण करण्यात बुद्धी खर्च केली, हे सर्व आम्ही ग्राहकास साद्यंत सांगतो. तो शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "म्हणजे तुमच्याकडे नाही?"

नानांचे काम पाहायचे तर दिवेलागणीस. पाट्याला घणाखाली कोयत्याचा आकार सकाळीच आलेला असतो, धारेची कड मुद्दाम नाण्याच्या जाडीची ठेवलेली असते, कारण अधिक पातळ कडेला पाणी देताना तड जाते. पण पाणी द्यायचे ते अंधार पडल्यावर, कारण उन्हात लोखंडाचा रंग खोटे बोलतो. सुमारे ७७० अंश उष्णतेला लोखंडाचे चुंबकाशी असलेले नाते तुटते आणि त्याच्या थोडे वर पाणी देण्याची वेळ येते, हे आम्ही पुस्तकातून काढले होते. म्हणून मोडक्या रेडिओच्या भोंग्यातले चुंबक तारेला बांधून आम्ही ते भट्टीशी तयार ठेवतो. आम्ही चुंबक पात्याला लावायला जावे, ते चिकटेनासे झाल्याची खात्री करून घेऊन तोंड उघडावे, तोच नाना "हां" म्हणून सांडशीने पाते उचलून, धार खाली आणि पाठ वर अशी सरळ, जरा कोमट केलेल्या जुन्या इंजिन-तेलात बुडवतात. चर्र असा आवाज होतो, धूर नाकात जातो आणि मग सारा मांगर कान टवकारतो: 'टिक्' असा बारीकसा आवाज आला तर पाते तडकले, सकाळची मेहनत मातीमोल. आला नाही, म्हणजे धारेवरून कानस फिरवून बघायची. ती न चावता घसरली की नाना बिडी पेटवतात. ताठा पुरता आला, पण अशा ताठ पात्याची धार पहिल्या नारळालाच कपची होऊन उडायची. म्हणून त्याची एक पट्टी घासून लख्ख करायची आणि पाठीकडून पुन्हा शेक द्यायचा. मग त्या पट्टीवरून रंग सरकू लागतात: २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, पुढे तपकिरी, पुढे जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. धारेशी जांभळा पोचला की थांबायचे. हे रंग आम्ही अनेकदा पाहिले आहेत, तरी त्या वेळी आम्हांला कोणी हाक मारलेली आवडत नाही.

येथे नानांचे खाते संपते आणि खरी कारागिरी सुरू होते. हे वाक्य नानांना मान्य नाही. पाते पालिशकागदाने घासायचे ते आधी ८० नंबरने, मग १२०, २२०, ४००, ६०० आणि अखेर १००० ने. प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे उरले असल्यास दिसतात. उरलेले असतातच. ४०० वर आल्यावर, कंदील तिरपा धरताच, १२० च्या काळातला एक ओरखडा पाठीलगत वर येतो आणि सारे प्रकरण, आयुक्तांपर्यंत गेलेली संचिका एका तिकिटाच्या उणिवेपायी तलाठ्याकडे परत यावी तसे, तळापासून पुन्हा सुरू होते. नोकरीत या प्रकाराचा आम्हांला उबग येई. मांगरात मात्र त्यात एक प्रकारचा सात्त्विक आनंद वाटतो, कदाचित येथे परत पाठवणारे आम्हीच असल्यामुळे. मग धार. ती अंगावरचा केस कापते की नाही याची परीक्षा आम्ही स्वतःच्या डाव्या हातावर घेतो, त्यामुळे तो हात मनगटापासून कोपरापर्यंत बारमाही तुळतुळीत असतो आणि लग्नकार्यात आमच्या कुटुंबास त्याचा खुलासा करावा लागतो.

मूठ फणसाच्या लाकडाची. नवी असता पिवळीधमक, पुढे वर्षागणिक पिंगट होत जाणारी. तिला भोक पाडून, पात्याचे शेपूट तापवून राळेत बसवायचे, तोंडाशी पितळी साम ठोकायची, आणि जवसाचे तेल लाकूड 'पुरे' म्हणेपर्यंत चोळायचे. याच मुठीने पुढे फणस कापायचा, हे खरे; पण गोतास काळ म्हणून बदनाम झाला तो कुऱ्हाडीचा दांडा, कोयत्याच्या मुठीकडे म्हणींचे लक्ष गेलेले नाही.

असा एक चौदा इंची कोयता आमच्या गावच्या निवृत्त हेडमास्तरांनी नेला. प्रयोजन : फणस. त्यात आम्हांला स्वतःच्या मिशीचे केस वेगवेगळे मोजता येत होते. मास्तरांनी तो खोबरेल लावून, मलमलीत गुंडाळून माजघरात ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास उलगडून दाखवू लागले. वैशाख आला, फणस उतरला. मास्तरांनी बाह्या सरसावल्या, आणि काकूंनी कोयता हातातून काढून घेतला. "चीक लागला की आरसा गेला म्हणून समजा!" शेजाऱ्याचा कोयता मागून आणणे प्रतिष्ठेच्या विरुद्ध, कारण त्याच शेजाऱ्यास चौदा इंची दोनदा दाखवून झालेला. तेव्हा मास्तर तिन्हीसांजेस मांगरात आले आणि नवा अर्ज लिहिला: पाते आठ इंच, प्रयोजन पूर्ववत.

नानांनी त्याच पाट्याचा उरलेला तुकडा भट्टीत सारला. रात्रीच्या जेवणापूर्वी कोयता तयार होता: काळाकुट्ट, घणाचे ठसे अंगावर तसेच, धार तेवढी कानशीने उघडलेली. आम्ही सवयीने ८० नंबरचा कागद घेऊन पुढे सरसावलो.

"अण्णा, कागद राहू द्या," नाना म्हणाले. "मास्तरांकडे फणस पिकून बसलाय."

"निदान पाठ तरी..."

नानांनी कोयता उचलून मास्तरांच्या हातात दिला आणि मास्तर तो घेऊन, अर्जदाराची पोच न देताच, लगबगीने वळणापार झाले. आम्ही कंदील जवळ ओढला, वही उघडली, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सफाई : निरंक' असे लिहून खाली सही केली.