जेरंडाचं गुऱ्हाळ

भंडारा जिल्ह्यात उसापेक्षा धान जास्त. तरी एक गुऱ्हाळ गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांत दर वर्षी पेटतं आणि फेब्रुवारीत बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला की विझतं. ते जेरंडाचं. शिक्षकांचा एक पक्ष त्याला 'जेरंड' म्हणतो, दुसरा 'गेरुंड'. तिसरा पक्ष फळ्यावर लिहितो आणि उच्चार टाळतो. मुलांचा विश्वास याच पक्षावर अधिक, कारण तो चुकल्याचं कधी कोणी ऐकलेलं नाही.

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. कोका आणि नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला वाघिणीजवळ जाण्यातला धोका पक्का ठाऊक असतो. म्हणून आम्ही ते दूध गाइडमधून घेतो, एकेका गुणाच्या पुडीत. 'रिमूव्ह टू (too)' एक गुण, 'यूज जेरंड' एक गुण. 'टू' काढल्यावर वाक्यात काय उरतं, हे विचारणाऱ्याला गुण नाही.

नियम तसा सोपा आहे. 'इन', 'ऑफ', 'फॉर', 'विदाउट' या मंडळींच्या मागून क्रियापदाला आहे त्या कपड्यांत येता येत नाही. 'इंग' लावून, नाम होऊनच यावं लागतं; तोच जेरंड. सर्वनाम आलं तर तेही वाकून येतं: 'फॉर आय' नव्हे, 'फॉर मी'. घोळ घालतो तो 'टू'. 'आय वाँट टू मीट यू' बरोबर आणि 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' चूक. तिथे 'मीटिंग' हवं, कारण हा दुसरा 'टू' खरा प्रिपोझिशन आहे आणि पहिला नुसता इन्फिनिटिव्हचा चोपदार. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, दोन्ही 'टू' सारखेच दिसतेत ना जी?" उत्तर ठरलेलं असतं: "पाठ कर."

गंमत अशी की हा पोरगा हेच काम दिवसभर मराठीत करत असतो. 'मामाकडे जाण्यासाठी' म्हणताना तो 'जा'चं 'जाणं' करतो, 'जाणं'चं 'जाण्या' करतो आणि मग त्याला 'साठी' जोडतो. तीन सांधे, एक श्वास. 'माझ्यासाठी' म्हणताना 'मी'ला बरोबर वाकवतो. 'मीसाठी' म्हणणारं पोर आमच्या अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचं नाही. प्रिपोझिशन आमच्याकडे शब्दाच्या पुढे न बसता मागे बसतं, एवढाच काय तो फरक. पण हे त्याला कोणी सांगत नाही. उलट तो 'जान्यासाठी' म्हणाला की त्याचा 'न' तासून 'ण' करण्यात मराठीचा तास संपतो. झाडीबोलीत 'ण' नाही, हे झाडीबोलीचे अभ्यासक लिहून मोकळे झाले. तपासणाऱ्याच्या लाल पेनापर्यंत ते पोचलेलं नाही.

वास्तविक या दोन व्याकरणांचं नातं जुनं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोर लिंडले मरे याच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. हा मरे मूळचा अमेरिकेतला वकील; इंग्लंडात यॉर्कजवळ जाऊन राहिला आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी १७९५ साली त्यानं ते पुस्तक लिहिलं. म्हणजे यॉर्कच्या मुलींना कंटाळा आणण्यासाठी जे रचलं गेलं, त्याच्याच वळणाचं आमच्या लाखांदूरच्या मुलांच्या वाट्याला आलं, आणि तेही दोन वेळा, एकदा इंग्रजीच्या तासात आणि एकदा मराठीच्या.

आणि इंग्रजांचं तरी या जेरंडावर कुठे एकमत आहे? 'त्याचं येणं मला आवडलं नाही' हे इंग्रजीत सांगायचं तर 'हिज कमिंग' म्हणावं की 'हिम कमिंग', यावर तिकडे मोठी जुंपली होती. फाउलर नावाच्या कोशकारानं १९२६ साली 'हिम'वाल्यांना चांगलंच झोडपलं. कामाला मालक असलाच पाहिजे, षष्ठी लावा, असा त्याचा हट्ट. डेन्मार्कच्या येस्पर्सन या व्याकरणकारानं त्याच वर्षी उत्तर दिलं की लोक शतकानुशतकं दोन्ही तऱ्हेनं बोलत आले आहेत, उगाच छळू नका. विद्वत्ता येस्पर्सनच्या बाजूला होती हे मान्य. पण भंडाऱ्यात राहून माझं मत फाउलरकडे झुकतं. कामाला मालक हवाच.

कारण जेरंड आमच्याकडे फळ्यावरून उतरून केव्हाच गावात शिरलेला आहे. कोचिंग, बुकिंग, चेकिंग, पार्किंग, प्लॉटिंग, सेटिंग. सलूनमध्ये कटिंग, दवाखान्यात ड्रेसिंग, निवडणुकीत फिल्डिंग. आम्ही त्यांना लिंग दिलं, विभक्ती दिली, 'मीटिंगीत' असं सामान्यरूपसुद्धा दिलं. एक षष्ठी तेवढी द्यायची राहिली. सेटिंग 'होते', फिल्डिंग 'लागते', चेकिंग 'येते'. कोणाची, ते गावात सगळ्यांना माहीत असतं आणि वाक्यात कधी नसतं.

या घराण्यातला सर्वांत वजनदार शब्द 'लिफ्टिंग'. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आधारभूत केंद्रावर धान खरेदी होतं, गोदामात जातं, तिथून राइस मिलवाल्यानं ते उचलून न्यायचं, भरडायचं आणि क्विंटलामागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा. मिलवाला म्हणतो, आमच्याकडचा दाणा तुटतो, ६७ बसत नाही, भरडाईचे दर वाढवा. सरकार म्हणतं, बघू. हे 'बघू' चालू असेतोवर गोदाम भरलेलं राहतं; गोदाम भरलेलं म्हणून उन्हाळी धानाला जागा नाही; जागा नाही म्हणून केंद्र बंद; आणि केंद्र बंद म्हणून शेतकरी ताडपत्री घेऊन आभाळाकडे बघत बसतो. त्यात बारदाना संपला तर सोन्याहून पिवळं. या साऱ्या रामायणाचं नाव दोन शब्दांत: 'लिफ्टिंग नाही.' कोणी केली नाही? वाक्य पुन्हा वाचा, माणूस सापडतो का बघा.

तरी ही बोलीभाषा झाली. कागदावर याच जेरंडाचा मराठी अवतार येतो आणि तो इंग्रजाला हेवा वाटावा असा असतो. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, धानाची उचल करण्याबाबत योग्य कार्यवाही करण्यात येत आहे.' सोडवून पाहा. 'कळवणे'ला 'त', 'करणे'ला 'बाबत', पुन्हा 'करणे'ला 'त'. तीन जेरंड, तिघांच्या शेपटाला एकेक जोड. ('त' हा सप्तमीचा प्रत्यय आहे अशी हरकत कोणी घेईल. घेवो.) आता सर्वनामं मोजा. एकच आहे: 'आपणांस'. म्हणजे साऱ्या वाक्यात माणूस एकटा, ज्याला पत्र मिळालं तो. ज्यानं कळवलं, जो कार्यवाही करतो, जो उचलणार आहे, ते सगळे 'ण्यात'मध्ये विरघळलेले.

कर्ता आमच्याकडे अगदीच निघत नाही असं नाही. कोनशिलेवर तो असतो, षष्ठीत, मोठ्या अक्षरात. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. हात कोणाचे, याबद्दल शंका नाही. त्यानंतर हात गेले आणि जेरंड आले: बांधकाम करण्यात येत आहे, पुनर्वसन करण्यात येत आहे, कालव्यांचं अस्तरीकरण करण्यात येत आहे. ३७२ कोटींचा प्रकल्प १८,००० कोटींपलीकडे गेला, पण खर्च वाढवण्यात आला असं कोणी म्हणत नाही. 'खर्च वाढला' म्हणतात. या धरणाच्या इतक्या वर्षांच्या कागदपत्रांत स्वतःच्या जबाबदारीवर क्रिया करणारा कर्ता मला एकच भेटला, तो हा खर्च.

परीक्षा मंडळानंही या बाबतीत मागे राहू नये हे ठीकच. २१ फेब्रुवारी २०२३ च्या बारावीच्या इंग्रजी पेपरात कवितेवरच्या प्रश्नांच्या जागी चक्क परीक्षकांसाठीच्या सूचना आणि उत्तर छापून आलं. मुलं बिचारी सूचनेचं उत्तर शोधत बसली. पुढे सहा गुण देण्याचं ठरलं. हे झालं कसं, तर 'प्रिंटिंग मिस्टेक'. छापणारा नाही, तपासणारा नाही, नुसतं 'प्रिंटिंग'. व्याकरणाच्या पेपराला यापेक्षा चांगलं उदाहरण मंडळाला मुद्दाम बसून सुचलं नसतं.

परवा एका कचेरीत (नाव कशाला, सगळ्या सारख्याच) मोहाडीकडचे एक निवृत्त शिक्षक स्वतःच्या धानाचे चुकारे का अडले ते विचारायला आले होते. आयुष्यभर जेरंड शिकवलेला माणूस. पत्र हातात घेऊन त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या आणि टेबलापलीकडच्या बाबूला शांतपणे विचारलं, "बाबू, हे 'करण्यात येत आहे', हे करून राहिलं कोन जी?"

"शासन, सर."

"ते समजलं. पन शासन नाम होय का सर्वनाम?"

बाबूनं पत्र उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, मग आवक-जावकच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "त्याच्यासाठी वेगळा अर्ज द्या लागते, सर. दोन प्रतीत."